गुडघे कुठे ठेवायचे?

‘ॲडजस्ट’ हा शब्द आपण इतक्यांदा वापरतो की तो मराठीच वाटायला लागलाय. नगर-पुणे एस.टी.त तिघांच्या सीटवर चौथा येतो आणि म्हणतो, जरा ॲडजस्ट करा. सासरी निघालेल्या मुलीच्या कानात सगळ्या खाला-फुफ्या हेच सांगतात. शाळेत एखाद्या शिक्षकाची जागा रिकामी राहते तेव्हा वरून तोंडी निरोप येतो, तूर्त ॲडजस्ट करून घ्या. ते ‘तूर्त’ किती वर्षं चालतं हे शिक्षकांना सांगायला नको. या सगळ्या ठिकाणी ॲडजस्ट होतो तो माणूस. सीट हलत नाही, घर हलत नाही. माणूस अंग चोरतो.

हाच शब्द गॅरेजमधल्या फिटरच्या तोंडून ऐका. ‘क्लच ॲडजस्ट करून देतो.’ ‘ब्रेक ॲडजस्ट करायला झालाय.’ इथे माणूस जिथल्या तिथे असतो आणि पाना लावून हलवलं जातं ते यंत्र. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्द असा दोन्हीकडून बोलायला लागला की माझं लक्ष जातं. पहिल्या अर्थाला उर्दूत ‘निबाह’ आहे, मराठीत ‘जुळवून घेणं’ आहे. दुसऱ्या अर्थाला मराठीत ‘जुळणी’ म्हणता येईल, पण ती कोणी म्हणत नाही. या दोन अर्थांमध्ये माझा भाचा वर्षभर अडकला होता. म्हणजे अगदी शब्दशः, गुडघ्यांपासून अडकला होता.

भाचा माझ्या धाकट्या बहिणीचा. मुकुंदनगरात राहतो. उंची सहा फूट तीन इंच. ती त्याला त्याच्या दादांकडून आली. आमच्या खानदानात पावणेसहाच्या वर कोणी गेलेलं नाही. मोहल्ल्यात त्याला लंबू म्हणतात. तो दारातून वाकून आत आला की अम्मी दर वेळी काहीतरी पुटपुटून त्याच्यावर फुंकर मारते, नजर लागू नये म्हणून. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत शेवटच्या बाकावर बसला, कारण तो पुढे बसला की मागच्या चौघांना फळा दिसायचा नाही. शेवटच्या बाकावरची सगळीच मुलं अभ्यासात मागे असतात असा समज आहे. त्यातली काही केवळ उंच असतात.

वडील लहानपणीच गेले. बहीण शिवणकाम करते. पोरगा डिप्लोमा करून जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला दुसऱ्या वर्षाला लागला, आणि तिथे त्याला गाडी बनवणाऱ्या पोरांच्या टोळीने ओढून घेतलं. त्याला वेल्डिंग येत होतं, तेच त्याचं तिकीट. सुट्ट्यांमध्ये नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात तो हेल्परचं काम करत आला होता. टीममधल्या इतरांना इंग्रजी येत होतं आणि याला टाका मारता येत होता.

ही गाडी काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ नावाची एक स्पर्धा असते. तिची सुरुवात अमेरिकेत १९८०च्या दशकात झाली. इंजिनिअरिंगच्या पोरांनी एका माणसाची, उघड्या चाकांची, छोटी रेसिंग गाडी स्वतः बनवायची आणि ट्रॅकवर पळवून दाखवायची. आपल्याकडे २०११ पासून ‘सुप्रा’ नावाने होते आणि ‘फॉर्म्युला भारत’ नावानेही होते. ही दुसरी कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. करिवर्धन नावाच्या ज्या माणसाच्या स्मरणार्थ तो ट्रॅक आहे, त्याने मारुतीचे सुटे भाग वापरून छोट्या रेसिंग गाड्या बनवल्या होत्या, आणि आपल्याकडची कितीतरी पोरं त्यांवर रेसिंग शिकली. आमच्या पोरांनी केटीएमच्या मोटरसायकलचं ३७३ सीसीचं इंजिन घेतलं. ते चाकणलाच बनतं, त्यामुळे जुनं इंजिन पुण्यात मिळून गेलं. बाकी गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा. जमिनीपासून दोन-तीन बोटं वर सीट. बसायचं म्हणजे बसायचं नाहीच, आरामखुर्चीत रेलतात तसं रेलायचं आणि पाय पुढच्या बोगद्यात घालायचे. बोगद्याच्या टोकाला पॅडल.

सुरुवातीला त्यांनी प्लायवूड आणि पीव्हीसी पाइपांची डमी बनवली. मापं घेतली होती टीमच्या कॅप्टनची. तो पाच फूट सात इंच, म्हणजे अगदी बेताचा, कपड्याच्या दुकानात पहिलाच शर्ट अंगाला बसणारा. तो आत बसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गंमत म्हणून भाच्याला बसवलं. पाय पॅडलपर्यंत गेले, पण गुडघे वर आले आणि स्टिअरिंगला जाऊन अडकले. गुडघे फाकवले तर नळ्यांना लागत होते. पाठ मागे टेकली की हेल्मेट पिंजऱ्याच्या वर निघत होतं. रात्री घरी येऊन त्याने मला फोनमधले फोटो दाखवले आणि विचारलं, “मामू, घुटने कां रखना?”

फोटो पाहून मला अब्बांची लूना आठवली. लूना नगरचीच. किनेटिकच्या कारखान्यातली, १९७२ मध्ये बाजारात आली. नगरच्या पोरांना ‘पॅडल’ हा शब्द सायकलीने शिकवला असेल, पण इंजिन असलेल्या गाडीलाही पॅडल असतं हे लूनाने दाखवलं. आमच्या शेजारी एक उंच हवालदारसाहेब राहत. ते लूनावर बसले की गुडघे दोन्ही बाजूंना नाकतोड्यासारखे बाहेर यायचे, आणि वळताना ते आधी गुडघा आत घेऊन मग हँडल वळवायचे. आम्ही पोरं हसायचो. त्यांना कंबरेचा त्रास होता हे कुणाच्याही डोक्यात येत नव्हतं. उंच माणसाची अडचण बघणाऱ्याला विनोदीच वाटते. बुटक्या माणसाला स्टूल देतात, उंच माणसाला टोपणनाव देतात.

टीममध्ये चर्चा झाली ती अशी: एकच ड्रायव्हर सगळ्या फेऱ्या पळवू शकत नाही, म्हणून निदान चार ड्रायव्हर लागतात. भाचा गाडी चांगली चालवायचा, सरावासाठी आणलेल्या गो-कार्टवर त्याचा वेळ सगळ्यात कमी होता. तरी कॅप्टन म्हणाला, तू पिटमध्ये थांब, पिंजरा तुझ्या मापाने बनवला तर वजन वाढेल, यार थोडं ॲडजस्ट कर. यात कॅप्टनचा वाईट हेतू नव्हता. गाडी हलकी हवी हे खरंच आहे. भाचा काही बोलला नाही. इंग्रजी-मराठीत भराभर वाद घालणाऱ्या पोरांसमोर तो गप्प होतो. पिंजऱ्याचे निम्म्याहून जास्त टाके त्याने मारायचे होते, आणि त्यात त्याला बसता येणार नव्हतं.

मला मेकॅनिकलमधलं काही कळत नाही. पण नियमपुस्तक ही भाषेची गोष्ट आहे, आणि तिथे माझा उपयोग होता. जुम्माच्या दुपारी आम्ही दोघे ते इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो आणि ड्रायव्हरच्या बैठकीचं प्रकरण ओळीने उर्दूत उतरवलं. तिथे आम्हाला ‘पर्सी’ भेटला.

पर्सी म्हणजे माणसाचा सपाट नमुना. डोकं, खांदे आणि नितंब यांच्या जागी तीन वर्तुळं. खालची दोन २०० मिलिमीटर व्यासाची, डोक्याचं हेल्मेटसकट ३०० चं. नितंबापासून खांद्यापर्यंत ४९० मिलिमीटर, खांद्यापासून डोक्यापर्यंत २८०. तपासणीच्या वेळी हा पर्सी सीटवर ठेवतात. पॅडल पुढच्या टोकाला सरकवलेली असताना खालच्या वर्तुळाचा मध्य पॅडलपासून किमान ९१५ मिलिमीटर लांब असलाच पाहिजे. पिंजऱ्याच्या पुढच्या आणि मागच्या कमानींवर रेघ धरली तर डोकं तिच्याखाली निदान ५० मिलिमीटर राहिलं पाहिजे, म्हणजे गाडी उलटली तर जमिनीला पिंजरा लागेल, डोकं नाही. आणि हा पर्सी सरासरी माणूस नाही. शंभर पुरुष उंचीप्रमाणे रांगेत उभे केले तर पंचाण्णवावा, तो पर्सी. दुसऱ्या टोकाला बायकांच्या रांगेतली पाचवी. या दोघांच्या मधल्या सगळ्यांना गाडीत नीट बसता आलं पाहिजे, असा नियम आहे.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. कॅप्टनच्या मापाची ती डमी तपासणीतच नापास झाली असती. भाच्याला बसवणं ही भाच्यावर केलेली मेहेरबानी नव्हती. जी गाडी उंच माणसाला घेत नाही, ती त्या पुस्तकाच्या हिशेबाने अपुरी गाडी होती. खरं तर भाचा पर्सीपेक्षाही थोडा उंच, म्हणजे त्याला जेमतेमच पुरलं असतं.

मापांचा हा विषय आपल्याकडे फार उशिरा आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय माणसांच्या शरीरमापांचं देबकुमार चक्रबर्ती यांचं पुस्तक काढलं ते १९९७ मध्ये. त्याच्या आधी आणि नंतरही आपल्या खुर्च्या, बाकं, ट्रॅक्टर, शिलाई मशीन हे सगळं ‘चालतंय की’ या मापाने बनत आलं. माझ्या वर्गातले बाक लोखंडी चौकटीत सीटला जोडलेले आहेत. सातवीतलं पोर आणि दहावीतलं पोर, दोघांना एकच अंतर. दहावीतली उंच मुलगी त्यात तिरकी बसून लिहिते.

टीममध्ये एक मुलगी होती, ड्रायव्हरपैकीच एक. उंची पाच फूट. डमीत बसताना ती पाठीमागे दोन उशा घ्यायची, काही न बोलता. कुणी त्याला अडचण म्हणतच नव्हतं. नियम वाचल्यावर भाच्याने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ब्रेक जोरात दाबला की पाय पुढे जायच्या ऐवजी मी उशीत मागे जाते. म्हणजे तीही अर्धं वर्ष ॲडजस्टच करत होती, फक्त तिचं दिसत नव्हतं. याचे गुडघे दिसत होते.

मग गाडी हलवायची ठरलं. सीट मागे सरकवायला जागा नव्हती, मागे आगीची भिंत आणि तिच्या पलीकडे इंजिन. म्हणून पॅडल सरकवायची. बोगद्याच्या तळाशी दोन चॅनेल, त्यांत दर ३० मिलिमीटरवर भोक, पाच पाऊल मागे-पुढे. त्यावर एक ट्रे, ट्रेवर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही. क्लच हाताशी, मोटरसायकलसारखा. दोन बाजूंना स्प्रिंगच्या पिना. दोन्ही ‘खट्’ वाजल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. ब्रेकचे सिलिंडर ट्रेवरच बसवले, म्हणजे पॅडल आणि सिलिंडर यांच्यातलं अंतर बदलत नाही. बदलतो तो फक्त लवचिक नळीचा वेढा. ॲक्सिलरेटरच्या केबललाही तसाच सैल वेढा. टाच टेकायला एक आडवी पट्टी. ऐकायला सोपं वाटतं. पोरांचे दोन महिने गेले.

वर्कशॉपातले वेल्डर चाचा त्यांना म्हणाले, “ब्रेककू जोड नको मारू. एकच पत्रा काट.” पुस्तकातही तेच निघालं, वेगळ्या भाषेत: ब्रेकच्या पॅडलने आणि त्याच्या बैठकीने २००० न्यूटनचा जोर सोसला पाहिजे. म्हणजे साधारण दोनशे किलो वजनाचा माणूस त्या पॅडलवर उभा राहिला तरी काही वाकता कामा नये. घाबरलेला माणूस ब्रेक किती जोराने दाबतो हे तो नियम लिहिणाऱ्याला माहीत असणार. पोरांनी हायड्रॉलिक जॅक लावून बघितलं. पहिला ट्रे पिनेच्या भोकापाशी वाकला. दुसऱ्याला खालून पट्टी दिली, तो टिकला.

सीटचं काम सगळ्यात मजेचं. दोन द्रव मिसळले की फसफसून फुगणारा आणि मग घट्ट होणारा फोम मिळतो. तो मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशवीत ओतायचा, पिशवी सीटच्या जागी ठेवायची आणि ड्रायव्हरने तिच्यावर रेलून, पाय पॅडलवर, हात स्टिअरिंगवर ठेवून हलायचं नाही. फोम गरम होतो, पाठीच्या मापाने फुगतो आणि तसाच राहतो. त्या पोरीसाठी जाड साचा झाला, भाच्यासाठी जवळजवळ नुसती चादर. त्याच्या खाली फोम उरलाच नाही, कारण डोकं ५० मिलिमीटर खाली ठेवायचं तर इंच इंच वाचवावा लागत होता. त्याच्या पाठीचा साचा बहिणीने घरी आणलेला पाहिला आणि विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, मी आहे.

उंच ड्रायव्हर आणि ठेंगणी गाडी ही भानगड जुनी आहे, आणि मोठ्या लोकांचीही आहे. डॅन गर्नी हा अमेरिकन ड्रायव्हर सहा फुटांच्या चांगलाच वर होता. १९६७ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याला फोर्डची गाडी मिळाली, जिच्या आधीच्या भावंडाचं नावच जीटी ४०, कारण तिची उंची ४० इंच. गर्नीचं हेल्मेट छताला लागायचं. तेव्हा छताच्या त्या जागी बाहेरून फुगवटा काढला, पत्र्याला आलेल्या टेंगळासारखा. ए. जे. फॉयटबरोबर त्याने ती शर्यत जिंकली. उलट १९९५ मध्ये नायजेल मॅन्सेल या जगज्जेत्याला मॅक्लारेनच्या नव्या गाडीत बसताच येईना. हंगामातल्या पहिल्या दोन शर्यती दुसऱ्याने चालवल्या, तोवर त्याच्यासाठी रुंद पिंजरा बनवला, आणि त्यात बसून तो दोन शर्यती चालवून निघून गेला. फॉर्म्युला वनमध्ये पुढे पुढे तर उंच ड्रायव्हर उपाशी राहून वजन कमी करायचे, कारण उंच म्हणजे जड आणि जड म्हणजे हळू. २०१९ मध्ये नियम आला की ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलो धरायचे. कमी भरलं तर सीटपाशीच वजन लावायचं. तेव्हा कुठे उंच माणसाला पोटभर जेवायची मुभा मिळाली.

साध्या, विकत मिळणाऱ्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांतही हेच. माझदाची १९८९ ची दोन सीटची मियाटा जगभर गाजली, पण पहिल्या पिढीत तिचं स्टिअरिंग वर-खाली होत नव्हतं. उंच मालक सीटचं कव्हर उसवतात, आतला फोम सुरीने कापून काढतात आणि परत शिवतात. दीड इंच मिळतो. आपल्याकडेही गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबरच्या अंगाची, रेनॉल्टच्या इंजिनाची गाडी बनली होती. भाच्याला तिचं फार वेड आहे. तिच्यात तू बसशील का, विचारलं तर म्हणतो, बसेन, मग उठेन का ते माहीत नाही.

नगरच्या माणसाला खरं तर हे सगळं नवं नसावं. आमच्याकडे चिलखती दलाचं केंद्र आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय. दरवर्षी मी मुलांना घेऊन जातो. पोरं पॅटनपाशी फोटो काढतात, चर्चिल आणि व्हॅलेंटाइनची नावं वाचून हसतात. मला तिथे ड्रायव्हरची जागा बघायला आवडते. पॅटन तीन मीटरहून उंच. आपलं सैन्य नंतर जे रशियन टी-७२ वापरायला लागलं, ते बुरुजाच्या छतापर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास. ठेंगणा रणगाडा लांबून दिसत नाही, तो मारायला कठीण. त्याची किंमत आतला माणूस देतो: झाकण बंद केलं की ड्रायव्हर मागे रेलून चालवतो, आणि सोव्हिएत सैन्यात तर अशा रणगाड्यांसाठी बुटकीच पोरं निवडत. युद्धात हे मी समजू शकतो. तिथे रणगाड्याला माणूस शोधतात. पण रोजच्या जगण्यात, शाळेत, एस.टी.त, कारखान्यात आपण हाच हिशेब का चालवतो?

नगरजवळच वाहननगरात डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे. देशात नवी गाडी बाजारात आणायच्या आधी जिथे तपासून घ्यावी लागते त्या संस्थांची यादी मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या कलमात आहे, आणि तिच्यात पहिलं नाव याच संस्थेचं येतं. सीट कशाला जोडायची, पट्टा कुठे अडकवायचा, हे सगळं अशा ठिकाणी तपासलं जातं. आणि तिथून काही मैलांवर आमच्याच गल्लीत एक फिटर उंच गिऱ्हाइकाला छोट्या गाडीची सीट दोन इंच मागे घेऊन देतो: रेल कापतो, पट्टी जोडतो, टाका मारतो. भाचा ते पाहून चिडला. टक्कर झाली तर माणूस पट्ट्याला नाही, त्या टाक्याला लटकलेला असेल, म्हणाला. कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणेही गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही.

त्याने त्या गिऱ्हाइकाला, एका वयस्कर मौलाना साहेबांना, फूटपाथवरच धडा दिला. आधी सीट खाली करा, मग मागे घ्या. क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात सरळ पुढे केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि एअरबॅग यांच्यात निदान वीत-सव्वावीत. डोक्यावर चार बोटं. आणि साहेब, एवढं करूनही नाही जमलं तर टॉलबॉय घ्या, वॅगन आर घ्या, पण ब्रेकच्या पॅडलला आणि सीटच्या रेलला गल्लीत हात लावू नका. मौलाना साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तू कोणाचा रे?

एक परीक्षा मात्र गाडीची नव्हती, भाच्याचीच होती. आग लागली तर ड्रायव्हरला गाडीतून पाच सेकंदांच्या आत बाहेर पडता आलं पाहिजे. पट्टे बांधलेले, हात स्टिअरिंगवर, इशारा झाला की मोजणी सुरू. इंजिन बंद, पट्टा सोडा, स्टिअरिंग खेचून काढा, उठा, दोन्ही पाय जमिनीवर. ती पाच फुटी मुलगी मांजरीसारखी साडेतीन सेकंदांत बाहेर. भाच्याला पहिल्या वेळी आठ लागले. बोगद्यातून नडगी काढताना गुडघा पुढच्या कमानीत अडकायचा. बहिणीला हे त्याने सांगितलं नव्हतं. तिने ते फोनवरच्या चित्रफितीत पाहिलं. रात्री मला फोन करून म्हणाली, “भाई, उसकू बोलो, नको बैठ उसमें.” तिला मी नियम काय समजावणार? आठ सेकंद म्हणजे किती हे तिला नीट कळलं होतं.

नंतरचे पंधरा दिवस रोज मगरिबनंतर अंगणात सराव. पॅडलचा ट्रे एक भोक आणखी पुढे गेला, कारण पाय जितका सरळ तितका गुडघा खाली. तरी तळवे पुढच्या चौकटीच्या आत राहिले पाहिजेत, तो नियमही होता. स्टिअरिंग काढून टाकायचं कुठे हे ठरवलं: डावीकडे, मांडीवर नाही. कमानीच्या कडेला मऊ पट्टी लावली. सात, साडेसहा, साडेपाच. बहीण स्वतः घड्याळ घेऊन पायरीवर बसायची. पावणेपाच झाल्यावर तिने दोनदा परत करायला लावलं आणि मगच आत गेली.

कोइम्बतूरला मी नव्हतो, शाळा होती. जे सांगतो ते त्याच्या तोंडचं. शेवटची शर्यत साधारण २२ किलोमीटरची असते आणि अर्ध्यावर ड्रायव्हर बदलावा लागतो. त्यासाठी तीन मिनिटं. पहिला अर्धा भाग मुलीने चालवला. ती उतरली, तिने जाड साचा बाहेर फेकला. एकाने ट्रेच्या पिना ओढून पाच भोकं पुढे ढकलला. खट्, खट्. भाचा आत रेलला, पट्टे लांब केले, आवळले. एक मिनिट पन्नास सेकंद. शेजारच्या एका मोठ्या कॉलेजची टीम बघत होती. त्यांचे दोन्ही ड्रायव्हर एकाच मापाचे निवडलेले होते.

त्याने सात फेऱ्या मारल्या. आठव्या फेरीत चेन तुटली आणि गाडी गवतात जाऊन उभी राहिली. पूर्ण न केलेल्या शर्यतीला फारसे गुण मिळत नाहीत. इशाच्या नमाजनंतर त्याचा फोन आला तेव्हा मी चेनचं विचारत होतो आणि तो गुडघ्यांचं सांगत होता.

आता तो शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्या पोरांना सगळं सोपवायचंय. पॅडलच्या ट्रेची त्याची वही उर्दूत आहे, उजवीकडून डावीकडे, मापं आणि आकृत्यांसकट. ज्युनिअर पोरांना ती वाचता येत नाही, म्हणून ती मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलंय. रोज दोन पानं करतो. ट्रेला त्याने सगळीकडे ‘पायदान’ लिहिलंय. मी ते तसंच ठेवलं. शेवटच्या पानावर तक्ता आहे: ड्रायव्हरची उंची, नितंबापासून टाचेपर्यंतचं माप, भोकाचा नंबर, साच्याची जाडी. चार ओळी भरलेल्या आहेत आणि खाली त्याने दहा रिकाम्या आखून ठेवल्या आहेत.